लंडनहून आलेली पुस्तकं आणि म्हापशातला फोटो

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीला राहतो. वय ४८, बँकेत नोकरी. रणगाड्यांचं वेड शाळेपासूनचं, पण हाताने काही करायला लागलो ते लॉकडाउनमध्ये. पहिलं प्लॅस्टिकचं किट तेव्हा आणलं, १:३५ मापाचं, म्हणजे खऱ्या रणगाड्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं. करायचं तर नीट करू, म्हणून संदर्भासाठी सचित्र पुस्तकं घ्यायला लागलो. आज कपाटात दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांवरची ३१ पुस्तकं आहेत. पूर्ण झालेला रणगाडा मात्र एकच. एक शर्मन रणगाडा दोन वर्षं प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) मारून खोक्यात पडलाय, कारण एका पुस्तकात त्याचा हिरवा रंग तपकिरीकडे झुकतो, दुसऱ्यात गवतासारखा आहे, तिसऱ्यात जवळजवळ काळा.

खरं सांगायचं तर मला वेगळाच रणगाडा करायचाय. माझं आजोळ वेऱ्याचं. आजी सांगायची, १९६१ च्या डिसेंबरात बेतीला नदीकाठी रणगाडे येऊन थांबले होते, पणजीकडे तोंड करून. ती त्यांना ‘लोखंडी म्हशी’ म्हणायची. त्यातली एक म्हैस मला करायची आहे. पण ३१ पुस्तकांत गोव्याचं नाव एकदाही नाही. त्या वेळचा, मामा रणगाड्यापाशी उभा असलेला एक फोटो म्हापशाला मामीकडे आहे. जुना आणि बारीक आहे, त्यातून काय कळणार?

आता बत्तिसावं पुस्तक मागवायच्या विचारात आहे. ज्याचा शब्द शेवटचा मानावा असं एकच पुस्तक सांगा. पत्नी म्हणते, तुमचे रणगाडे फक्त पानांवरच चालतात. शिवाय यंदाच्या पावसात दोन पुस्तकांची रंगीत पानं एकमेकांना चिकटली आहेत. ती कशी सोडवू?

— लोखंडी म्हशीवाला, डिचोली

उत्तर

नमस्कार.

आधी वहिनींचं. त्यांचं म्हणणं खोडून काढायला मी शब्द शोधले, सापडले नाहीत. एकतीस पुस्तकं आणि एक रणगाडा हा ताळेबंद बँकेतल्या माणसाने स्वतः मांडून पाठवावा म्हणजे कमाल झाली. पण हे दुखणं तुमचं एकट्याचं नाही, मीही त्यातून गेलोय. खोका उघडायचा, एखाद्या बोल्टवर शंका येते. बोल्टसाठी पुस्तक मागवायचं, ते यायला महिना. पुस्तकात बोल्ट सापडतो, पण शेजारच्या पानावर झाकणाच्या बिजागरीबद्दल नवीच शंका मिळते. खोका बंद, पुढच्या पुस्तकाची ऑर्डर.

दुसरं म्हणजे, तुम्ही लंडनहून पुस्तकं मागवता आणि अर्ध्या तासावर म्हापशाला मामींकडे जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तुम्हाला हवा असलेला रणगाडा ज्या एका कागदावर आहे तो कागद मामींच्या घरात आहे, आणि तुम्ही विचारता आहात की बत्तिसावं पुस्तक कोणतं घेऊ. ह्या रविवारी जा. जाताना भिंग न्या आणि फोटो भिंतीवर असेल तर फ्रेममधून काढायची परवानगी मागा. काचेवरून मोबाइलने टिपलेल्या फोटोत तुमचंच डोकं जास्त दिसतं. मागे काही लिहिलंय का तेही बघा. जुन्या फोटोंच्या पाठीवर तारीख, स्टुडिओचा शिक्का, कधी कोणाकोणाची नावं असतात.

फोटो बारीक आहे म्हणून खट्टू होऊ नका. रणगाडा ओळखायला तोंड लागत नाही, पाय लागतात. चाकं मोजा. १९६१ साली आपल्या सैन्याकडे जे रणगाडे होते त्यांतले चार लक्षात ठेवा: स्टुअर्ट, शर्मन, सेंच्युरियन आणि फ्रेंच एएमएक्स-१३. स्टुअर्टला जमिनीवरची लहान चाकं चार, दोन-दोनच्या जोडीत, आणि त्यांच्या मागे एक मोठं चाक, तेही जमिनीलाच टेकलेलं. हे मागचं टेकलेलं मोठं चाक एकदा ओळखता आलं की स्टुअर्ट कुठेही कळतो, अगदी फोटोत फक्त मागचा कोपरा आला असला तरी. एएमएक्सला चाकं पाच, सगळी सारखी. त्याचं टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, दोन तुकड्यांचं असतं, वरचा तुकडा तोफेसकट वरखाली झुलतो, म्हणून मध्येच कंबर आवळल्यासारखं दिसतं. शर्मनला चाकं सहा, दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीच्या डोक्यावर स्वतःची जाडजूड बैठक. सेंच्युरियनलाही सहाच, पण तो अंगाने केवढा तरी मोठा, आणि पट्ट्याचा वरचा भाग बहुतेक वेळा बाजूच्या पत्र्यांनी झाकलेला. मामांच्या पायांआड दोन चाकं गेली असतील तर उरलेल्यांमधलं अंतर बघा. जोडीत आहेत की एकसारखी, एवढं कळलं तरी बरंच काम सोपं होतं.

आजीच्या आठवणीला बाहेरूनही आधार आहे. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी उत्तरेकडून शिरलेली एक तुकडी, शीख लाइट इन्फंट्रीचे जवान आणि सोबत रणगाडे, थिवीच्या वाटेने येऊन संध्याकाळी बेतीला पोचली. मांडवीवर तेव्हा पूल नव्हता. म्हणून म्हशी काठावर बसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायदळ पाण्यावरून पणजीत उतरलं. ‘पणजीकडे तोंड करून’ हे आजीचं शब्दशः खरं. ह्या मोहिमेत ७ लाइट कॅव्हलरी ही रेजिमेंट होती, आणि हे नाव तुम्ही कुठे तरी लिहून ठेवा. ह्याच रेजिमेंटने १ नोव्हेंबर १९४८ ला झोजिला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, स्टुअर्ट चढवले होते. कुणाला सुगावा लागू नये म्हणून टरेट उतरवून, झाकून, रात्रीच्या अंधारात ते वर नेले होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील असं समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं. हे सगळं तुमच्या एकतीस पुस्तकांत शोधलंत तर फार तर एखादी ओळ सापडेल, ‘भारतानेही हा रणगाडा वापरला’ अशी.

त्यात त्या पुस्तकांचा दोष नाही. ती ज्यांच्यासाठी निघतात त्यांना नॉर्मंडी, कुर्स्क आणि आफ्रिकेचं वाळवंट हवं असतं. दोष आपला, की आपण त्यांच्याकडून बेतीची अपेक्षा करतो.

आता शेवटच्या शब्दाचं पुस्तक. तसं एक पुस्तक नसतं, कारण ही पुस्तकं एका जातीची नाहीत. तुमच्या कपाटात तीन जाती असणार. एक, पातळ, पन्नास पानांच्या आतबाहेरची, मध्ये रंगीत चित्रांची पानं. ऑस्प्रे ह्या प्रकाशनाच्या न्यू व्हॅनगार्ड मालिकेतली ४८ पानी पुस्तकं बहुतेकांकडे असतात, तुमच्याकडेही असतीलच. दोन, फोटोंची. ‘वॉक अराउंड’ म्हणतात तशी, संग्रहालयातल्या एका रणगाड्याभोवती फिरून त्याची प्रत्येक बिजागरी टिपलेली. तीन, जाडजूड, रेखाटनं आणि मोजमापांची, वाचायला रूक्ष. सगळे पहिल्या जातीपासून सुरुवात करतात, कारण ती देखणी असते. आणि फसतात तेही तिथेच.

त्या रंगीत चित्राबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या शर्मनचं घोडं तिथेच अडलंय. बाजूने काढलेलं, स्वच्छ, टरेटवर आकडा, खाली रेजिमेंटचं नाव. बघितलं की वाटतं चित्रकार तिथे उभा होता. तो नव्हता. त्याच्यापुढे होता एक कृष्णधवल फोटो, बहुधा समोरून किंवा तिरका घेतलेला, चिखलाने बरबटलेल्या गाडीचा. अगदी बाजूने रणगाडा टिपायला लढाईत कोणाला सवड असते? तेव्हा चित्रातली डावी बाजू फोटोतली असेल तर उजवी अंदाजाची, आणि रंग तर सगळाच अंदाजाचा. त्यात काळ्या-पांढऱ्या फिल्मची एक खोड: त्या काळच्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल आकडा फोटोत काळा उमटे. मग एका पुस्तकात आकडा काळा, दुसऱ्यात लाल, आणि आपण दोन पुस्तकं मांडीवर घेऊन रात्रीचे अकरा वाजवतो. रंगीत चित्र म्हणजे एका जाणत्या माणसाचं मत, त्याला तेवढाच मान द्या. पुरावा मागायचा तो फोटोकडे.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी ट्युनिशियातला टायगर हा जर्मन रणगाडा केला होता. एका पुस्तकातल्या रंगीत चित्रावरून आकडे घेतले, वाळवंटी रंग घेतला, आणि दुसऱ्या पुस्तकातला टायगर फार रुबाबदार दिसत होता म्हणून अंग त्याचं घेतलं. त्याच्या अंगभर झिमेरिट होतं. झिमेरिट म्हणजे चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन लोक रणगाड्यावर थापत ती लुकण. बेरियम सल्फेट, पिवळा गेरू, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे आपल्या फेव्हिकॉलचाच भाऊबंद. ओली असताना तिच्यावर फणीसारख्या रेघा ओढत. शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांचे फराटे उठतात ना, अगदी तसं दिसतं. मी दोन आठवडे इपॉक्सी पुटी थापून हॅकसॉच्या तुटक्या पात्याने त्या रेघा ओढल्या. अंगठ्याला फोड आले. मग मडगावला एका स्नेह्यांकडे चारचौघांत तो टायगर मिरवायला नेला. त्यांचा चौदा वर्षांचा भाचा जवळ आला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ‘काका, ट्युनिशियात हे कुठून आलं?’

पोरगं बरोबर होतं. ट्युनिशियातली लढाई मे १९४३ मध्ये संपली, आणि कारखान्यात झिमेरिट थापायला सुरुवात झाली ती त्यानंतर. सप्टेंबर १९४४ मध्ये ते बंदही झालं. माझा टायगर अशा दिवशीचा होता जो कॅलेंडरात नव्हताच. इंग्लंडमध्ये बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर १३१ हा ट्युनिशियातच एप्रिल १९४३ मध्ये हाती लागलेला. त्याचा एक फोटो जरी नीट पाहिला असता तरी माझे दोन आठवडे आणि अंगठा वाचला असता. तो टायगर अजून माझ्याकडे आहे, कपाटाच्या वरच्या फळीवर, तोंड भिंतीकडे.

तेव्हा पुस्तक उघडण्याआधी एक ओळ लिहा: कोणता रणगाडा, कुठे, कोणत्या महिन्यात. मग पुस्तकं त्या ओळीपुरतीच उघडायची. उलटं केलंत, आधी पुस्तकं आणि मग त्यातून काही सुचतंय का बघायचं, की माझ्यासारखं होतं.

फोटोंच्या पुस्तकांवर माझा जीव आहे, पण त्यांचीही एक खोच आहे. संग्रहालयातला रणगाडा म्हणजे लग्नाला नटवलेला म्हातारा. त्याला आठ-दहा वेळा रंग चढलेला असतो, काही भाग दुसऱ्या गाडीचे बसवलेले असतात, काही झाकणं वेल्डिंग करून बंद असतात. बोल्ट, बिजागऱ्या, चाकाची घडण, पट्ट्याच्या कड्या ह्यांसाठी त्या पुस्तकाला तोड नाही. रंगासाठी मात्र ते बघूच नका.

आणि हे ‘वॉक अराउंड’ तुम्ही स्वतः करू शकता. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिलखती दलाचं टँक म्युझियम आहे, १९९४ साली सुरू झालेलं. महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांपासून सेंच्युरियन, विजयंता आणि १९६५ मध्ये हाती लागलेल्या पॅटनपर्यंत बरंच काही एका आवारात बघायला मिळतं. रात्रीच्या बसने पुणे, तिथून दोन-तीन तास. मोजपट्टी न्या, फोटोची आणि मापं घेण्याची परवानगी आधी विचारा, आणि मग सगळे काढतात तसे तोफेखाली उभं राहून फोटो काढत बसू नका. गुडघे टेकून खालून काढा: चाकांच्या मागची बाजू, पट्ट्याचा आतला दात, मडगार्डच्या खालचा गंज. एवढं महागडी पुस्तकंही दाखवत नाहीत. चार पुस्तकांच्या पैशात वहिनींसकट जाऊन याल. तिथून पुढे शिर्डी करायची की नाही हे त्यांना विचारा.

तिसऱ्या जातीबद्दल थोडक्यात. मोजमापांत मी ज्यांच्यावर डोळे मिटून विसंबतो अशी नावं तीनच. अमेरिकन रणगाड्यांसाठी हनिकट, ज्यांचं शर्मनवरचं पुस्तक १९७८ मध्ये आलं, पाचशेच्या वर पानं, आणि ज्यांनी पुढे स्टुअर्टवरही लिहिलं. जर्मन रणगाड्यांसाठी जेंट्झ आणि डॉयल, ज्यांच्या पॅन्झर ट्रॅक्ट्स मालिकेतली रेखाटनं मूळ कागदपत्रं आणि उरलेल्या गाड्या मोजून काढलेली आहेत. दोन्ही महाग. म्हणून घाईने घेऊ नका, आधी चाकं मोजून होऊ द्या.

रेखाटन कोणाचंही असो, त्यावर विसंबण्याआधी पट्टी लावायची सवय ठेवा. ओतीव अंगाचा एम-४-ए-१ शर्मन लांबीला ५.८४ मीटर. १:३५ मध्ये तो १६.७ सेंटिमीटर भरला पाहिजे. पुस्तकातलं रेखाटन सतरा भरत असेल तर छापताना ते ताणलं गेलंय, किंवा तो शर्मन दुसराच आहे. ही दुसरी शक्यताही खरी असते. एम-४-ए-४ मध्ये क्रायस्लरने मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरांचं एक धूड बनवलं होतं, ते मावावं म्हणून अंगच लांबवावं लागलं. तो १:३५ मध्ये १७.३ सेंटिमीटर येतो आणि त्याच्या चाकांच्या जोड्यांत मोकळी जागा जास्त दिसते. त्यातले बहुतेक ब्रिटिशांकडे गेले. तुमच्या खोक्यातला शर्मन कोणता ते तुम्ही कळवलं नाहीत. पट्टी लावा, कळेल. छोट्या मापाचं रेखाटन मोठं करायचं असेल तर झेरॉक्सवाल्याला टक्के सांगा: १:७२ वरून १:३५ साठी २०६, १:४८ वरून १३७. ‘जरा मोठं करा’ असं सांगितलंत तर तो ए-फोर भरेल एवढं करून देतो. (१:३५ हे अवघड माप आलं कुठून, असं मला कायम विचारतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया ह्या जपानी किट-कंपनीने मोटर लावलेला पँथर रणगाडा काढला, तो पोटात बॅटऱ्या मावतील एवढा केला, आणि मोजून बघितल्यावर प्रमाण साधारण १:३५ निघालं. पुढे सगळी दुनिया त्याच मापाने चालली.)

शर्मनच्या हिरव्याचं आता उरकून टाकू. ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकन सैन्याचा मळकट हिरवा, हा रंग कारखान्यातून निघाला तेव्हा एक होता, सहा महिने उन्हात राहिल्यावर दुसरा, आणि धूळ बसल्यावर तिसरा. तुमची तिन्ही पुस्तकं आपापल्या परीने खरी असू शकतात. त्यांतला मधला घ्या, थोडा फिका करा, कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो, आणि मारून मोकळे व्हा. दोन वर्षं प्रायमरवर राहिलेल्या शर्मनला कोणताही हिरवा चालेल.

बेतीच्या रणगाड्याला मात्र हिरव्यापेक्षा लाल जास्त लागेल. डिसेंबरातली गोव्याची वाट, त्या काळातली, दिवसभर पट्ट्यांखाली. तुम्ही डिचोलीचे, लाल धूळ काय असते हे तुम्हाला मी सांगावं? बाटलीतली ‘युरोपियन अर्थ’ नावाची पूड अजिबात आणू नका. घराच्या आवारात जांभ्या चिऱ्याचा तुकडा असेलच. तो खलात कुटा, मलमलीच्या दुहेरी कापडातून गाळा, जे हातावर पिठासारखं लागेल तेवढंच घ्या. गाळल्याशिवाय वापरू नका: एक मिलिमीटरचा कण १:३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो, आणि रणगाड्यावर खडी ओतल्यासारखं दिसतं. ही पूड मॅट वॉर्निशमध्ये कालवून चाकांवर आणि पोटाखाली, सुकी तशीच ब्रशने वरच्या बाजूला. नदीकाठचा देखावा करणार असाल तर वाळू किनाऱ्यावरून आणू नका. तिच्यातलं मीठ पावसाळ्यात दमट होतं आणि रंग पोपडे धरतो.

चिकटलेली पानं. ओढू नका. गुळगुळीत आर्ट पेपरवरचा लेप भिजला की तो गोंदासारखा वागतो, ओढलंत तर चित्र समोरच्या पानावर जातं. वाफ देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. पुस्तक पंख्याखाली उभं करून आठ-दहा दिवस पूर्ण वाळू द्या, मग कोपऱ्यातून सुती दोरा घालून हलक्या हाताने करवतीसारखा सरकवा. जिथे सुटेल तिथे सुटेल, जिथे अडेल तिथे थांबा. पुढच्या वर्षीसाठी, पावसाआधी रंगीत पानांमध्ये बटरपेपर घाला आणि कपाट पावसाच्या बाजूच्या भिंतीपासून वीतभर सरकवा. चिऱ्याची भिंत ओल ओढते. चवथ झाली की पुस्तकांना बाहेरची हवा दाखवायची, पण सावलीत, कारण भर उन्हात आधी लाल आणि पिवळा उडतो. आमच्या घरी कपाटात पंचवीस वॉटचा बल्ब जळत ठेवायचे, एलईडी आल्यापासून ती ऊबही गेली. आता सिलिका जेलच्या पुड्यांवर भागवतो.

बत्तिसाव्या पुस्तकाची ऑर्डर तूर्त थांबवा. पुढे कधी दुकानात पुस्तक हाती आलंच, तर रंगीत पानं न उघडता फोटोंच्या खालच्या ओळी वाचा. ठिकाण, महिना, रेजिमेंट दिलेली असेल तर पुस्तक कामाचं. ‘आगेकूच करणारा शर्मन’ एवढंच असेल तर खाली ठेवा. आणि विकत घेण्याआधी पणजीत पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात एक चक्कर मारा. ते १५ सप्टेंबर १८३२ ला स्थापन झालं. जगातला पहिला रणगाडा फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत उतरला तोही १५ सप्टेंबरलाच, १९१६ साली. ह्याचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मला दर वर्षी आठवतं. तिथे तुम्ही रणगाड्यांची पुस्तकं शोधायची नाहीत. जुनी वर्तमानपत्रं मागायची, डिसेंबर ६१ आणि पुढचे काही महिने, आणि १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाच्या पुरवण्या. ग्रंथालयातून निघालात की फेरीबोट धरा आणि बेतीला उतरा. आजीच्या म्हशी कुठे बसल्या असतील, सूर्य कोणत्या बाजूला होता, फोटोत मामांची सावली कुठे पडलीय, हे तिथे उभं राहिल्यावर कळेल. त्यावरून तो सकाळचा की संध्याकाळचा तेही ठरेल.

आधी म्हापसा मात्र. मामींसाठी काही तरी घेऊन जा, रिकाम्या हाताने फोटो मागू नका. मोजून चार लहान आणि मागे एक मोठं टेकलेलं चाक निघालं, तर मला लगेच कळवा. माझ्याकडे एका फसलेल्या स्टुअर्टचा डबा आहे. चाकं सगळी शाबूत आहेत, पट्ट्याची फक्त एक कडी कमी.